हिरामण पेंटर आणि कोरी टाकी

हिरामण पेंटरला गाडी चालवता येत नव्हती. हे मी सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण आमच्या गाडीघरात येणाऱ्या निम्म्या लोकांचा अजून समज आहे की तिथल्या सगळ्या गाड्या त्यानेच दुरुस्त करून उभ्या केल्या. एकही केली नाही. सायकलसुद्धा तो चढ आला की हातात धरून न्यायचा. क्लच कुठल्या हाताला असतो हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. एकदा मी चिडून विचारलं तर म्हणाला, "तुले माहीत शे ना? मंग झालं."

गाडीघर म्हणजे धुळ्यातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोडाऊन. जिनिंग कांतीशेठची. कापसाच्या गाठी यायच्या थांबल्या तेव्हा शेठनी तिथे आजोबांची मोटार आणून ठेवली. मग कोणी लढाईतली जीप आणून दिली, कोणी बापाची फटफटी. नको झालेली म्हातारी माणसं आश्रमात सोडतात तशा लोकांनी गाड्या आणून सोडल्या. आता वीस-बावीस आहेत. आम्ही चौघं दर रविवारी सकाळी जायचो. पगार नाही, बिगार नाही, हौस. कांतीशेठ कुलूप उघडायचे. पाटील मॅडम, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, गाड्यांची माहिती वहीत लिहून ठेवायच्या. मी एकेक इंजिन चालू करायचो, कारण जुनं इंजिन आठवड्यातून एकदा तरी फिरलं पाहिजे, नाहीतर ते आतून धरतं. आणि हिरामण बोलायचा.

मी चौथी पास. तो तिसरीतून पळालेला. म्हणजे शिक्षणात मी त्याच्या पुढे. पण सगळे त्याला नाना म्हणायचे आणि मला मिस्तरी. माझं वय त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त. शिरपूरकडच्या माझ्या गावात मला आजही पोरं आबा म्हणतात. गाडीघरात कोणी म्हटलं नाही. माणसाला नात्याने हाक मारणं वेगळं आणि धंद्याने हाक मारणं वेगळं, हे ज्याला नाना म्हणतात त्याला कळत नाही.

त्याचा धंदा नंबरप्लेट रंगवण्याचा. गाड्या पासिंग होतात त्या ऑफिसच्या बाहेर निंबाच्या झाडाखाली एक लाकडी खोकं, त्यावर तो. चाळीस वर्षं. हल्ली कारखान्यातून छापलेल्या पाट्या येतात, पण आधी अर्ध्या धुळे-जळगावच्या गाड्यांच्या ढुंगणावर याचं अक्षर होतं. पट्टी वापरायचा नाही. दोऱ्याला खडू लावून दोन रेघा मारायचा आणि मधे आकडे सोडायचा. सोडायचा असंच म्हणावं लागतं. ब्रश टेकवला की आकडा आपला आपण उतरायचा.

आणि आकडा काढण्याआधी विचारायचा, "गाडी कोनी शे?"

गिऱ्हाईक म्हणायचं, "तुला काय करायचं? नंबर लिही."

"तसं नही भाऊ. माणूस कळना पाहिजे."

माणूस कळला की आकडे ठरायचे. मास्तराची गाडी असली तर आकडे शिस्तीत उभे. तालमीतल्या गड्याची असली तर छाती काढलेले. नवरदेवाची असली तर शेवटच्या आकड्याला थोडी शेपूट. ऑफिसातले साहेब नाक मुरडायचे, पण स्वतःच्या स्कूटरची पाटी त्याच्याकडेच आणायचे. मी शपथेवर सांगतो, एका व्यापाऱ्याची पाटी त्याने इतक्या अरुंद आकड्यांत लिहिली होती की तो व्यापारी माझ्याकडे ऑइल बदलायला आला तेव्हा मी पाटी बघूनच आधी भाव ठरवून घेतला.

मी मात्र कधी कोणाला विचारलं नाही गाडी कोणाची. मला इंजिन कळतं. इंजिनला मालक नसतो.

त्याला उस्ताद होता, धरणगावचा गफूर पेंटर. उस्तादचं नाव घेताना हिरामण कानाच्या पाळीला बोट लावायचा. दिवसातून वीसदा नाव घ्यायचा, वीसदा पाळी धरायचा. मी एकदा म्हटलं, "कान तुटी जाई पेंटर." सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, "तुटना तर दुसरा शे." सगळे आणखी जोरात हसले. असं व्हायचं नेहमी. विनोद मी सुरू करायचो, संपवायचा तो.

माझ्या हाताखाली तीन पोरं शिकली. एकाचं आता जळगावला मोठं गॅरेज आहे, दोघांची शिरपूरला. कोणी विचारलं काम कुठे शिकला, तर म्हणतात, "बघून बघून." कानाला हात लावणं सोडाच.

जळगावच्या प्रदर्शनाची गोष्ट सांगतो म्हणजे माझं म्हणणं कळेल. तिथल्या एका मंडळाने बोलावलं होतं. आम्ही सहा गाड्या धुळ्याहून रस्त्याने निघालो, सगळ्यात पुढे शेठच्या आजोबांची मोटार. चालवायला मी, बाजूला शेठ, मागे मॅडम आणि हा. पारोळा ओलांडलं आणि पेट्रोलचा वास आला. टाकीला खालून चीर गेलेली, थेंब थेंब गळत होतं. एप्रिलचं ऊन. रस्त्याच्या कडेला निंबाचं झाड सोडा, बोरीचं झुडूपही नव्हतं. मी गाडीखाली गेलो. शेठना म्हटलं, आंघोळीचा साबण द्या. मॅडमच्या पिशवीत होता. साबण मळून मळून चिरेत भरला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. पाऊण तास मी त्या तापलेल्या मुरमावर पाठ टेकून होतो. पाठीचं कातडं निघालं.

या पाऊण तासात हिरामणने काय केलं? एक खोक्याचा पुठ्ठा फाडला, ब्रश काढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: "थांबलोय. थकलो नाही." आणि गाडीच्या मागे टांगलं.

झालं. एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्न वाजवून गेला. ट्रकवाले थांबले. एका लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी थांबली, बायका उतरल्या, त्या पुठ्ठ्याजवळ उभं राहून फोटो काढले. मी गाडीखालून बघत होतो. मला फक्त चपला दिसत होत्या. सगळ्या चपलांची तोंडं त्याच्याकडे.

जळगावला पेपरात फोटो आला. हिरामण, पुठ्ठा आणि मोटार. मी त्या फोटोत आहे. नीट बघितलं तर मागच्या चाकाशी माझा एक पाय आहे.

परतताना शेठ म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही होता म्हणून पोचलो." मी म्हटलं, "पेपरवाल्याला सांगायचं होतं." हिरामण मागून म्हणाला, "मी सांग्यं त्याले. तो म्हने, गाडीखालना माणूसना फोटो येत नही." मला ते खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. पण त्याने सांगितलंही असेल. त्याचा स्वभाव तसा होता, आणि मला त्याच्यावर रागवायला जागा ठेवायची नाही हा त्याचा सगळ्यात वाईट गुण होता.

मॅडम याला हेवा म्हणतात. आमच्याकडे जळणं म्हणतात. जळणं बरोबर आहे. छातीच्या डाव्या बाजूला होतं, आणि ओलं लाकूड जळतं तसं, धूर जास्त.

आता टाकीचं सांगतो. हे मी आजवर एका माणसाशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. मॅडमनी गाडीघराच्या स्मरणिकेसाठी हिरामणवर लिहायला सांगितलं तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं. छापायचं तर छापा.

धरणगावला एक डॉक्टर होते, जुन्या काळचे. विलायती फटफटी, बाजूला साइडकार. खेड्यात बाळंतपण अडलं की साइडकारमध्ये नर्सबाईला बसवून निघायचे. ते गेले, फटफटी गोठ्यात पडून राहिली, शेवटी घरच्यांनी गाडीघराला दिली. आली तेव्हा सीटमध्ये उंदरांचं घर होतं. पण टाकीच्या डाव्या बाजूला पिवळ्या रंगात दोन शब्द होते: "डॉक्टर निघाले". धूळ, तेल, शेणाचे शिंतोडे याखाली कसेबसे दिसत होते. हिरामणने ओला फडका फिरवला आणि खालीच बसला.

"हाई मना उस्तादनं अक्षर शे," तो म्हणाला. कानाला हात.

गफूर पेंटरच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या गेल्या, भिंती गेल्या. जगात ही एवढीच दोन अक्षरं, म्हणजे दोन शब्द. त्या दिवसापासून जो येईल त्याला हिरामण त्या फटफटीकडे न्यायचा. इंजिन जाम, चाकं सपाट, पण लोक टाकीसमोर हात जोडायचेच बाकी होते. मी तीन महिने त्या इंजिनाशी झगडत होतो. पिस्टन बसलेला, तो रॉकेलमध्ये भिजवून भिजवून सोडवला. एक वॉल्व्ह मी हाताने घासून बनवला. कोणी माझ्याकडे वळून विचारलं नाही की काय करताय.

मग हिरामण महिनाभर सुरतला पोरीकडे गेला. डोळ्याचं ऑपरेशन होतं.

टाकीला गंज होता. खरंच होता. पण उजव्या बाजूला. उजव्या बाजूचा पत्रा खालून खाल्लेला होता, तो कापून नवा तुकडा जोडावा लागणार होता. डावी बाजू शाबूत होती. फार तर आतून धुवायची. मी टाकी उतरवली, उजवी बाजू जोडली, घासली. आणि मग पालिश पेपर हातात असताना टाकी उलटी केली.

काही माणसं म्हणतात, कसं झालं कळलं नाही. मला कळत होतं. आधी "निघाले" गेलं, मग "डॉक्टर". पिवळी पावडर बोटांना लागली. ती धुतली. प्रायमर मारला, काळा रंग मारला, तीन हात. आरशासारखी टाकी झाली. इंजिन बसवलं, आणि तिसऱ्या किकला ती फटफटी बोलली. धरणगावपर्यंत ऐकू गेलं असेल.

मॅडम पळत आल्या. "मिस्तरी, अक्षर?"

मी म्हटलं, "दोन्ही बाजूने गंज होता. पत्राच राहिला नव्हता. अक्षर ठेवायचं की गाडी?"

त्यांना पत्र्यातलं काय कळणार. त्या रडकुंडीला आल्या, पण मानलं त्यांनी. वहीत लिहिलं: "गंजामुळे मूळ अक्षर ठेवता आले नाही. जुना फोटो मिळाल्यास तसेच पुन्हा काढून घ्यावे." माझ्या समोर लिहिलं. मी वाचलं.

हिरामण आला. डोळ्यावर हिरवा चष्मा. मला वाटलं ओरडेल, शिव्या देईल, निदान गाडीघर सोडून जाईल. मी तयारीत होतो. सगळी उत्तरं तोंडपाठ होती. तो टाकीजवळ गेला. चष्मा काढला. डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. मग खालून फिरवला, जिथे जोड असायला हवा होता आणि नव्हता.

म्हणाला, "रंग चांगला बसना, मिस्तरी."

एवढंच.

शेठ म्हणाले, "नाना, तुम्ही आठवणीतून पुन्हा काढा." तो म्हणाला, "ते अक्षर मनं नही. मी कसं काढू?" मला आत गार वाटलं. म्हटलं, संपलं एकदाचं. आता लोक इंजिन ऐकतील.

पुढच्या रविवारी एक शाळा आली. मी फटफटी चालू केली, पोरांनी कानावर हात ठेवले, मास्तर म्हणाले वा. मी बंद केली. तेवढ्यात हिरामण पेल्यात पाणी घेऊन आला. ब्रश पाण्यात बुडवला आणि माझ्या त्या काळ्या आरशावर लिहिलं: "डॉक्टर निघाले". पाण्याने. ऊन दारातून थेट टाकीवर येत होतं. "निघाले" लिहून होईपर्यंत "डॉक्टर" वाळून गेला.

एक पोरगी ओरडली, "डॉक्टर खरंच निघाले!"

जी टाळी पडली ती गोडाऊनच्या पत्र्यांना लागून परत आली.

मग त्याचं हे दर रविवारचं झालं. असं अक्षर मी जन्मात पाहिलं नाही, हे मान्य करतो. "ड" असा की डॉक्टर वाकून पेशंटची नाडी बघतोय. "र"ची तिरकी रेघ निघायच्या घाईत. आणि पाणी असल्यामुळे दरवेळी नवं. लोक म्हणायचे, परत, नाना, परत. तो परत लिहायचा. नुसती अक्षरं होती तेव्हा दहा माणसं थांबत होती, आता पुसली म्हणून पन्नास थांबायला लागली. मी माझ्या हाताने त्याला खेळ उभा करून दिला होता.

आणि शेवटी तो न चुकता सांगायचा, "हाई मना उस्तादनी कला. गाडी चालू कराकरता आमना मिस्तरीले ती खरडनी पडनी. मेल्याले उठाडनं व्हई तर काहीतरी द्यानं पडस. मिस्तरीले इच्यारा, इंजिन कसं उठाड्यं."

सगळे माझ्याकडे वळायचे. मी पाना पुसत राहायचो. टोमणा होता की मोठेपणा, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

दोन वर्षं असं चाललं. मग साइडकारचं चाक खराब झालं. डॉक्टरांच्या घरी माळ्यावर जुनं जादा चाक आहे असं कळलं, म्हणून मी एकटाच बसने धरणगावला गेलो. डॉक्टरांच्या सूनबाई, सगळे अक्का म्हणतात, भल्या बाई. चहा दिला, चाक दिलं. मग म्हणाल्या, "थांबा मिस्तरी, हे पण न्या. पेटी आवरताना सापडलं." आणि एक फोटो दिला.

डॉक्टर फटफटीवर बसलेले, बाजूला नर्सबाई. आणि टाकी डाव्या बाजूने, स्वच्छ. दोन्ही शब्द.

मी बसमध्ये तो पुन्हा पुन्हा काढून बघितला. मला अक्षरातलं काही कळत नाही, पण आंधळ्यालाही कळलं असतं. अक्षर वाकडं होतं. "ट" पडायला आलेला. "डॉक्टर" एवढा मोठा काढला होता की पुढे जागाच उरली नव्हती, "निघाले" बारीक बारीक होत गेलेलं, आणि शेवटचा "ले" टाकीच्या काठाला असा चेपलेला की बसच्या दारात लटकलेला माणूस. शाळेतल्या पोराने भिंतीवर लिहावं तसं. हिरामण पाण्याने जे काढायचा त्याचं आणि याचं नातंही नव्हतं.

मला इतका आनंद कधी झाला नव्हता. माझ्या लग्नातही नाही.

मी तो फोटो मॅडमना दिला नाही. पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवला. तीन रविवार ठेवला. हिरामण पाण्याने लिहायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि मी पेटीवर बसून मनात म्हणायचो, वाजवा. चौथ्या रविवारी काढतो. सगळ्यांसमोर काढतो. पण चौथ्या रविवारी तो आला नाही. मॅडम म्हणाल्या, नानांचा हात थरथरतोय, सुरतहून मुलगी आलीय, त्यांना कायमचं घेऊन जाणार.

मी घाबरलो. तो असाच निघून गेला असता तर फोटो दाखवायचा कोणाला? मी सायकल काढली आणि थेट त्याच्या घरी.

तो ओट्यावर बसला होता. बशीत चहा, बशी हातात हलत होती. मी फोटो पुढे केला.

त्याने तो डोळ्यांच्या इतका जवळ नेला की मला वाटलं खातो की काय. बराच वेळ बघितला. मग हसला. तोंडभर.

"हाऊच. हाऊच ना मना उस्ताद. जागा पुरनी नही त्याले. कधीच पुरे नही. मले म्हने, हिऱ्या, आधी शेवटनं अक्षर मनमा ठेव, मंग पहिलं काढ. आनि सोता इसरी जाये."

मी म्हटलं, "पेंटर, हे अक्षर वाकडं शे."

"शेच ना."

"मग तू पाण्याने काढतोस ते कोनं?"

"त्यानंच," तो म्हणाला. "त्याले सोताले काढता ये नही. पन कसं काढानं ते सांगता ये. बठ्ठं सगळं त्यानीच सांगेल शे. मना हात नुसता ऐके."

आणि कानाच्या पाळीला हात.

मी त्या ओट्यावर उभा होतो आणि मला दुसऱ्याच माणसाचा हेवा वाटायला लागला. एका मेलेल्या, वाकड्या हाताच्या, धरणगावच्या पेंटरचा. ज्याला धड दोन शब्द एका टाकीवर बसवता येत नव्हते, त्याच्यासाठी हा माणूस आपलं सोन्यासारखं अक्षर त्याच्या नावावर खपवत चाळीस वर्षं फिरत होता. माझी तीन पोरं मला आठवली. त्यांना मी वॉल्व्ह घासायला शिकवला तेव्हा ओरडलो किती, सांगितलं किती, याचा मी कधी हिशेब लावला नव्हता. लावायचा नाही असंच ठरवलं.

"मॅडमले दाखाडं का?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

मला वाटलं, आता म्हणेल, नको दाखवू. फाडून टाक. मी फाडला असता. आणि मग जन्मभर त्याच्या डोक्यावर बसलो असतो, तो सुरतला असला तरी. त्याची एवढी एक गोष्ट माझ्या मुठीत राहिली असती.

तो म्हणाला, "दे त्यासले. वहीमा लिखेल शे ना, फोटो मिळना तर तसंच काढानं. आते मी काढसू. येता ऐतवारले. पोरीले सांगस, एक आठवडा थांब."

वही त्याने वाचली होती. म्हणजे गंजाचं जे लिहिलं होतं तेही वाचलं होतं.

त्यानंतर आठवड्याने तो सुरतला गेला आणि या हिवाळ्यात तिथेच वारला. कांतीशेठ आणि मॅडम जाऊन आले. मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं आहे.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी. फटफटीच्या डाव्या बाजूला पोतं टाकून बसला होता. समोर फोटो टेकवलेला. पिवळ्या इनॅमलची डबी धरायला कोणीतरी हवं होतं, कारण त्याला एका हाताने दुसरा हात धरावा लागत होता. मॅडम पुढे झाल्या. तो म्हणाला, "मिस्तरीले धरू द्या."

मी उकिडवा बसलो. गुडघ्यांनी कडकड केलं.

मला वाटलं होतं, थरथरता हात आहे, वाकडं अक्षर आहे, सोपं जाईल. तसं नव्हतं. त्याचं थरथरणं वेगळं आणि उस्तादचं वाकडं वेगळं. "ट" ज्या बाजूला पडायचा त्याच बाजूला, तेवढाच पडायला हवा होता. म्हणून तो ब्रश उचलून थांबायचा. थरथर आली की थांबायचा, गेली की तेवढ्या एका श्वासात एक रेघ. वाकडी, पण दगडासारखी पक्की. फोटो, टाकी, फोटो, टाकी. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर लटकलेला, पुसायला हात मोकळा नाही.

लोक आले होते. पाण्याचा खेळ बघायला आले होते. एक जण, चांगले कपडे घातलेला, मागे उभा राहून बघत होता. बायकोला म्हणाला, "नानांचा हात गेला बघ आता." ऐकू जाईल असं म्हणाला. हिरामणने मान वळवली नाही. "हा भाऊ," म्हणाला, "वय व्हयनं."

मी तोंड उघडलं. त्या माणसाला सांगणार होतो की मूर्खा, हे वाकडं काढायला काय लागतं ते तुला माहीत आहे का. पण तोंडातून दुसरंच निघालं. हळू निघालं, फक्त त्याला ऐकू जाईल इतकं.

"पेंटर, गंज एकाच बाजूला होता रे. उजव्या."

ब्रश "घा"वर होता. थांबला नाही. "घा" पुरा झाला. तो फोटोकडे झुकला, काठापर्यंत किती जागा उरली ते बघितलं, आणि उरली तेवढीही जास्तच होती. उस्तादला याहून कमी उरली होती. त्याने "ले" आणखी काठाला सरकवून मनात बसवला, मला दिसलं बसवताना.

"डबी हलाडू नको," तो म्हणाला.

तेव्हा कळलं की माझाच हात हलतोय. मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तो धरायचा तसं. त्याने ब्रश बुडवला, डबीच्या काठावर निपटला, श्वास धरला, आणि तो शेवटचा "ले" चेपायला लागला, अगदी त्या फोटोतल्यासारखा, दारात लटकलेला. इतकं वाकडं मला या जन्मात जमलं नसतं. मी जळत होतो. पण डबी हलू दिली नाही.